पडदा घरचा, किल्ली परक्याची

९ मार्च २०२५ चा रविवार. बंगळूरच्या फ्रीडम पार्कमध्ये त्या दिवशी माहिती-तंत्रज्ञान उद्योगातील कर्मचारी आपल्या संघटनेच्या झेंड्याखाली जमले होते. कामाच्या तासांना मर्यादा हवी आणि कामाची वेळ संपल्यावर मालकाचा फोन न उचलण्याचा, म्हणजे ‘संपर्क तोडण्याचा’, हक्क हवा, अशी त्यांची मागणी होती. सरकार आणि कंपन्या यांपैकी कोणीही त्यांना हा हक्क देण्यास तयार नाही. पण त्याच रात्री संपर्क तोडण्याचा हक्क नेमका कोणापाशी आहे, हे साऱ्या जगाला दिसून आले. गूगल कंपनीचे २०१५ सालचे क्रोमकास्ट, म्हणजे टीव्हीच्या मागे खोचून इंटरनेटवरील चित्रपट व मालिका पडद्यावर आणणारे डोंगल, जगभर लाखो घरांत एकाएकी निकामी झाले. हे यंत्र विश्वासार्ह नाही, त्याची ओळख पटत नाही, असा संदेश मालकाच्याच फोनवर झळकू लागला.

काय बिघडले होते? तार तुटली नव्हती, काही जळाले नव्हते, वीजही आली-गेली नव्हती. यंत्र धडधाकट होते. त्याच्या पोटात गूगलने दहा वर्षांच्या मुदतीचा एक ओळखदाखला घालून ठेवला होता. हे यंत्र अस्सल आहे, याच्याशी बोलण्यास हरकत नाही, एवढेच तो दाखला सांगत असे. २०१५ मध्ये दिलेल्या त्या दाखल्याची मुदत ९ मार्चला संपली. त्याचे नूतनीकरण करण्याचे जगातील सर्वांत धनाढ्य कंपन्यांपैकी एकीच्या ध्यानात राहिले नाही. यंत्र पूर्ववत मूळ स्थितीला नेऊ नका, नाहीतर अडचण वाढेल, असे ग्राहकांना बजावण्यात आले, पण अनेकांनी ते आधीच करून टाकले होते. दुरुस्तीची आज्ञावली पोहोचू लागण्यास चार दिवस लागले. रेशन दुकानाच्या दाराशी उभा राहणारा माणूस अंगठ्याचा ठसा जुळला नाही म्हणून परत फिरतो, त्याच्या अनुभवाशी या प्रसंगाचे नाते आहे. शिधा त्याचा, ठसाही त्याचाच, पण तो जुळला की नाही हे ठरवणार दुसराच कोणी.

या घटनेच्या जेमतेम तीन आठवडे आधी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, याच कंपनीने बंगळूरच्या महादेवपुरा भागात पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांसाठी एक विशाल वास्तू उघडली. तिचे नाव ‘अनंता’. अंत नसलेल्या त्या वास्तूच्या मालकांनी विकलेल्या वस्तूचा अंत मात्र दहा वर्षांनी, आगाऊ ठरलेल्या घटकेला झाला. वृत्तपत्रांनी दोन्ही बातम्या निरनिराळ्या पानांवर छापल्या.

विकत घेतले ते काय?

बाजाराचे भाट या उपकरणाचे वर्णन ‘स्वातंत्र्य’ या शब्दाने करतात. केबलवाल्याच्या जाचातून सुटका, हवे ते हवे तेव्हा पाहण्याची मुभा, साध्या टीव्हीला बुद्धी देणारी जादूची कांडी! डिसेंबर २०१४ मध्ये क्रोमकास्ट भारतात २,९९९ रुपयांना विकले जाऊ लागले, तेव्हा एअरटेल कंपनी जोडीला उभी राहून आपल्या ब्रॉडबँडचा डेटा त्यासोबत वाटत होती. २०१७ च्या एप्रिलमध्ये अॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक ३,९९९ रुपयांना आली. पुढे बंगळूरहूनच कारभार हाकणाऱ्या फ्लिपकार्ट आणि शाओमी यांनीही आपापली डोंगले बाजारात आणली.

कांडीच्या आत काय चालते ते समजून घेतले की जादू उतरते. पुष्कळांना वाटते की फोनवरचे चित्र उडी मारून टीव्हीवर जाते. बहुतेक वेळा तसे होत नाही. फोन फक्त आज्ञा देतो. चित्र ते डोंगल स्वतःच कंपनीच्या दूरस्थ यंत्रांकडून ओढून आणते. याचा अर्थ असा की घरात इंटरनेट हवे, कंपनीच्या दप्तरी खाते हवे, त्या खात्याला प्रत्येक वाहिनीच्या अॅपची संमती हवी आणि त्या अॅपला त्या यंत्राची संमती हवी. या साखळीतील एक कडी निखळली की पडदा काळा. घरच्या संगणकात साठवलेले लग्नाचे चित्रण आपल्याच टीव्हीवर दाखवायचे झाले तरी अनेक यंत्रांना आधी बाहेरच्या इंटरनेटवर जाऊन हजेरी द्यावी लागते. शेजारच्या खोलीत जायचे, तर वाट अमेरिकेवरून!

त्यावर कुलपे आहेतच. चित्राची नक्कल होऊ नये म्हणून वाइडवाइन नावाची कुलूपव्यवस्था सर्वत्र वापरली जाते. ती चालवणारी कंपनी गूगलने २०१० मध्ये विकत घेतली. या व्यवस्थेत यंत्रांच्या श्रेणी लावलेल्या आहेत. वरच्या श्रेणीचा शिक्का नसलेल्या यंत्राला त्याच वर्गणीत, त्याच वाहिनीवरून, तोच चित्रपट धूसर दर्जात मिळतो. बंगळूरच्या सदर पत्रप्पा रस्त्यावरील दुकानांतून स्वस्तातला खोका घेऊन जाणाऱ्याला वाटते की आपला टीव्ही जुना झाला. टीव्ही जुना झालेला नसतो, खोक्याची जात खालची ठरलेली असते. आणि अशा अनेक बेनामी खोक्यांत कारखान्यातच हेरगिरीची आज्ञावली भरलेली असते, हे २०२५ मध्ये उघडकीस आले. लाखो घरांतील अशी यंत्रे मालकाच्या नकळत गुन्हेगारांच्या सेवेत लावण्यात आली होती. तात्पर्य, गरिबाने स्वस्तात घ्यावे तर चोर घरात येतो, आणि महाग घ्यावे तर सावकार.

सावकार हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. २०२३ च्या नोव्हेंबरपासून फायर टीव्हीचे यंत्र सुरू करताच पडदाभर जाहिरात आपोआप चालू लागली. यंत्र विकताना ही अट सांगितलेली नव्हती. जून २०२५ पासून अॅमेझॉनच्या भारतातील वर्गणीदारांना चित्रपटांच्या मध्येही जाहिराती दाखवल्या जातात आणि त्या नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये आणखी मोजावे लागतात. म्हणजे जे आधीच विकले होते, तेच काढून घेऊन पुन्हा विकायचे. २०२५ च्याच अखेरीस नेटफ्लिक्सने फोनवरून टीव्हीवर चित्र धाडण्याची सोय बहुतेक नव्या टीव्ही संचांवरून व उपकरणांवरून काढून टाकली. ती शिल्लक राहिली कोठे? रिमोट नसलेल्या जुन्या क्रोमकास्टवर, जे बनवणे कंपनीने केव्हाच थांबवले आहे! क्रोमकास्ट हे नावच ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने मोडीत काढले. त्याच २०२५ मध्ये अॅमेझॉनने ज्या नव्या स्टिका आणल्या, त्यांतील एकीत तर कंपनीच्या स्वतःच्या दुकानाबाहेरचे कोणतेही अॅप बसवताच येत नाही.

यातून कंपनीला काय मिळते, याचा पुरावा अमेरिकेतच उपलब्ध आहे. व्हिझिओ या टीव्ही कंपनीने १ कोटी १० लाख संचांतून, लोक क्षणोक्षणी काय पाहतात याची नोंद त्यांच्या संमतीवाचून घेतली आणि ती विकली. २०१७ मध्ये तिला २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. शिक्षा झाली म्हणावे तर डिसेंबर २०२४ मध्ये वॉलमार्टने हीच कंपनी सुमारे २३० कोटी डॉलरना खरेदी केली, आणि तीही जाहिरातीच्या धंद्यासाठी, असे उघड सांगून. किराणा विकणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या दुकानाला टीव्हीची कंपनी का हवी, याचे उत्तर यात आले. वॉलमार्टच फ्लिपकार्टचीही मालक आहे, हे बंगळूरच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

‘स्वदेशी’ कांडीची कहाणी

येथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि तो केवळ सत्ताधाऱ्यांकडूनच येतो असे नाही. परकी कंपन्या तशाच वागणार, आपल्या तरुणांनी आपले यंत्र बनवावे, असे सांगितले जाते. हे करून झाले आहे, आणि ते बंगळूरमध्येच झाले आहे.

२०१४ मध्ये या शहरातील एका नवउद्योगाने ‘टीवी’ याच नावाचे डोंगल बाजारात आणले. ‘भारताचे क्रोमकास्ट’ म्हणून त्याचा गौरव झाला. किंमत सुमारे अडीच हजार रुपये. २०१५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. ते परक्या यंत्रांपेक्षा वाईट होते असेही नाही. घरच्या संगणकातील चित्रपट टीव्हीवर दाखवण्याची सोय त्यात होती आणि मंद इंटरनेटच्या देशात तिचे मोल मोठे होते. अभियंत्यांच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण भांडवल गुंतवणाऱ्यांना टिकाऊ डोंगल नको होते, त्यांना वाढता आकडा हवा होता. कंपनीने ‘क्रिओ’ हे नाव धारण केले आणि एप्रिल २०१६ मध्ये फोन काढला. दर महिन्याला या फोनमध्ये नवी सुधारणा येत राहील, हे त्याच्या जाहिरातीचे ब्रीद होते. सोळा महिन्यांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, कंपनी ‘हाइक’ या संदेशसेवेला विकली गेली. डोंगल गेले, फोन गेला, दरमहाच्या सुधारणाही गेल्या.

पुढचा प्रवास अधिक बोलका आहे. क्रिओच्या संस्थापकांनी २०१८ मध्ये पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांची कंपनी काढली. हाइकने आपली संदेशसेवा जानेवारी २०२१ मध्ये बंद केली आणि तीही खेळांकडेच वळली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तेव्हा पहिल्या कंपनीने भारतातील बहुसंख्य कर्मचाऱ्यांना घरी पाठवले आणि हाइकने सप्टेंबरमध्ये गाशाच गुंडाळला. हाइकचे संस्थापक एअरटेलच्या मालक घराण्यातील आहेत, म्हणजे क्रोमकास्टच्या भारतातील आगमनाला डेटाची ओवाळणी घालणाऱ्या त्याच घराण्यातील.

ही व्यक्तींची निंदा नव्हे. त्याच माणसांच्या हातून, त्याच कौशल्यातून, उपयोगी वस्तूपासून जुगाराच्या अड्ड्यापर्यंतचा प्रवास व्हावा, हे भांडवलाच्या वाहण्याच्या दिशेमुळे घडते. पाणी उताराकडे धावते आणि नफा जेथे लवकर फुगतो तेथे भांडवल धावते. राष्ट्रध्वजाचा रंग लावल्याने उतार बदलत नाही. फायर टीव्ही स्टिक तर २०२१ पासून चेन्नईत जुळवण्याचे जाहीर झाले. हात तामिळनाडूतील कामगाराचे, मेंदू पुष्कळ अंशी बंगळूरच्या अभियंत्यांचा, आणि किल्ली सिअॅटलला. यालाच शासनकर्ते ‘मेक इन इंडिया’ म्हणतात.

वीस कोटींची तडजोड

भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०२१ मध्ये गूगलच्या टीव्ही व्यवहारांची चौकशी सुरू केली. प्रकरण सरळ होते. टीव्ही बनवणाऱ्याला गूगलचे अॅपचे दुकान हवे असेल तर त्याने गूगलची सारी अॅपे एकत्र, ठरवून दिलेल्या जागी बसवली पाहिजेत, आणि त्या उत्पादकाने आपल्या कोणत्याही यंत्रावर अँड्रॉइडची बदललेली आवृत्ती वापरता कामा नये, अशा करारांनी कंपन्यांचे हात बांधलेले होते. म्हणजे एखाद्या टीव्ही उत्पादकाने वेगळी, साधी, जाहिरातमुक्त प्रणाली एका संचावर जरी घातली, तरी त्याच्या सर्व संचांवरून गूगलचे दुकान जाण्याची टांगती तलवार.

चार वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, प्रकरण २० कोटी २४ लाख रुपयांवर मिटले. गूगलने पाच वर्षांसाठी काही अटी सैल करण्याचे मान्य केले. दुकानाचा परवाना आता सुटा मिळेल, पण तो शुल्क भरून. तडजोडीच्या कायद्यातील सवलतीमुळे रकमेत पंधरा टक्के सूटही मिळाली! ज्या मूळ कंपनीचा २०२४ या एका वर्षातील निव्वळ नफा १०,००० कोटी डॉलर होता, तिच्या दृष्टीने ही रक्कम पाव तासाच्या नफ्याइतकीही भरत नाही. वीजबिल थकले म्हणून तोडणीची नोटीस मिळणाऱ्या कामगाराला अशी सूट कोणत्या कायद्यात मिळते?

दुसरीकडे, नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांच्या माध्यम व्यवसायांचे ७०,३५२ कोटी रुपयांचे विलीनीकरण पूर्ण झाले. फोन, तार, टीव्हीखालचा खोका, क्रिकेट आणि मालिका असे सारे एका घराण्याच्या छत्राखाली आले. परकी मक्तेदारी आणि देशी मक्तेदारी यांच्या भांडणात प्रेक्षकाने बाजू घ्यावी, अशी अपेक्षा केली जाते. प्रत्यक्षात त्या दोघी एकाच ताटात जेवतात.

विजापूरच्या खेड्यातील पडदा

याला पर्याय नव्हता काय? १ ऑगस्ट १९७५ रोजी सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे सार्वजनिक दूरचित्रवाणी सुरू झाली. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्यात होते. आपल्या सीमेलगतचाच हा दुष्काळी पट्टा. तारेच्या जाळीची छत्री, अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात घडवलेले तंत्र, हैदराबादच्या सार्वजनिक कारखान्यात बनलेले संच आणि शाळेच्या अंगणात जमलेले सारे गाव. काळ आणीबाणीचा होता. त्या पडद्यावर सरकारी स्तुतिपाठही भरपूर झाला आणि तो प्रयोग निर्मळ लोकसेवेचा होता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण संच गावाचा होता, तो दुरुस्त करणारी माणसे नेमलेली होती आणि तो कोणाची पाहण्याची नोंद अमेरिकेला धाडत नव्हता.

तरीही तो पडदा ३१ जुलै १९७६ रोजी काळा झाला. कारण उपग्रह अमेरिकेकडून एका वर्षासाठी उसना घेतलेला होता. मुदत संपताच अमेरिकेने तो हलवला. संच शाबूत, छत्री शाबूत, गाव जागेवर, आणि चित्र मात्र नाही. २०२५ च्या ९ मार्चला बंगळूरच्या दिवाणखान्यांत जे घडले, ते विजापूरच्या खेड्यांनी एकोणपन्नास वर्षे आधी अनुभवले होते. फरक त्यानंतर काय केले यात आहे. त्या वेळी देशाने स्वतःच्या मालकीची उपग्रहमालिका उभी केली आणि १९८३ पासून इन्सॅट-१बी काम करू लागला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये चित्रनळ्या बनत होत्या, तिच्याच आपल्या तळोजा येथील कारखान्यात त्या नळ्यांची काच. याच सार्वजनिक उद्योगांतील कामगारांनी २६ डिसेंबर १९८० पासून सत्त्याहत्तर दिवसांचा संप लढवला, तोही याच बंगळुरात. ती परंपरा नवउदारवादाने मोडून काढली. अँटेना लावून फुकट दिसणारी दूरदर्शनची भूप्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत जवळजवळ सर्व बंद करण्यात आली.

छत्री बसवली की वर्गणीविना दिसणारी डीडी फ्री डिश ही सेवा सुदैवाने चालू आहे. बंगळुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ‘सह्याद्री’ वाहिनी तीवर आजही खात्याविना, परवलीच्या शब्दाविना दिसते. परंतु प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ नावाचे अॅप काढले, तेव्हा ते टीव्हीवर पाहण्यासाठी लोकांना पुन्हा गूगल-अॅमेझॉनच्या दुकानाच्या दारातच उभे केले. लोकांच्या पैशाने तयार झालेला पन्नास वर्षांचा ठेवा लोकांना पोहोचवण्यासाठी सरकारला साधे, खुल्या प्रणालीचे, सार्वजनिक कारखान्यात बनलेले यंत्र देता येऊ नये, ही तंत्रज्ञानाची उणीव नाही. २००० च्या सुमारास याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांनी खुल्या प्रणालीवर चालणारा स्वस्त ‘सिम्प्युटर’ घडवून दाखवला होता. सरकारने त्याला मोठी मागणी दिली नाही आणि तो विरून गेला.

हा प्रश्न कोणाचा?

आपल्याच काही मित्रांचा आक्षेप असा की, हा तर सुखवस्तूंच्या करमणुकीचा प्रश्न. गिरणी गेली, शेतमालाला भाव नाही, आणि चळवळीने टीव्हीच्या डोंगलाची उठाठेव करावी काय? हा आक्षेप दहा वर्षांमागे कदाचित ग्राह्य ठरला असता. आज हप्त्यावर घेतलेला टीव्ही पिण्याच्या शाखेत रात्रपाळी करणाऱ्याच्याही खोलीत आहे आणि राजाजीनगरच्या घरकामगारणीच्याही. केबलचे पैसे परवडत नाहीत म्हणून त्यांनी इंटरनेटची एकच जोडणी घेतली, तीवर मूल शिकते आणि तीवरच घर टीव्ही पाहते. तीन हजारांची वस्तू तीन वर्षांत मंदावली की सुखवस्तू माणूस दुसरी घेतो. हप्ता भरणारा ती तशीच ओढत नेतो. अर्धवट मालकीचा सर्वाधिक मार ज्याला बसतो, त्याचा प्रश्न आपला नसेल तर कोणाचा?

शिवाय टाकलेली यंत्रे कोठे जातात, तेही पाहिले पाहिजे. बंगळूरजवळ दाबसपेठेत ई-कचऱ्याचा देशातील पहिला अधिकृत कारखाना २००५ मध्ये सुरू झाला, हे खरे. पण म्हैसूर रस्त्यालगतच्या गौरीपाळ्यात उघड्यावर पाट्या फोडून तांबे काढणारी हातमोजेविरहित माणसेही याच शहरात आहेत. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत उत्पादकाने कचऱ्याची जबाबदारी घ्यावी असे म्हटले आहे, पण धडधाकट यंत्राला कचरा ठरवण्याचा त्याचा अधिकार अबाधित ठेवला आहे.

केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी संकेतस्थळ उघडले. त्यावर कंपन्या आपल्या सेवाकेंद्रांचे पत्ते देतात. दाखल्याची मुदत संपलेले डोंगल कोणत्या सेवाकेंद्रात दुरुस्त होणार? त्याला स्क्रू लागत नाही, संमती लागते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा जोडणीच्या वस्तू विकणाऱ्याला सुरक्षेच्या सुधारणा किमान किती काळ मिळतील हे आधी सांगावे लागते. भांडवलशाही देशातीलच ही किमान तरतूद. आपल्याकडे खोक्यावर किंमत, परिमाण आणि निर्मितीचा महिना छापणे सक्तीचे आहे. त्याखाली ‘हे यंत्र अमुक तारखेपर्यंत चालवू देऊ’ अशी एक ओळ छापा, आणि ती तारीख उलटल्यावर कुलूप उघडून यंत्र मालकाच्या हाती द्या, ही मागणी केवळ ग्राहक पंचायतींवर सोपवून भागणार नाही. ज्या अभियंत्यांना ते कुलूप लावण्याचे काम दिले जाते, त्यांतील कित्येक जण ९ मार्चला फ्रीडम पार्कमध्येच उभे होते.